आधी ती पांढरी रेघ उघडा

पाचोऱ्याहून आलेलं पत्र, थोडं आखडून:

‘नाना, नमस्कार. वय ४३, गावात कृषी केंद्र आहे. शाळेत असताना बसस्टँडजवळच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात खाऊचे सगळे पैसे घालवले. दीड वर्षापूर्वी जळगावच्या एका भंगारवाल्याकडे तसलंच मशीन दिसलं, ‘मुस्तफा’ गेमचं. राहवलं नाही, घेऊन आलो. मग भुसावळहून दुसरं आणलं, त्यात निओ जिओचा कॅसेटवाला बोर्ड आहे. तिसरी नुसतीच रिकामी पेटी, खालून वाळवी लागलेली. पहिल्या मशीनमध्ये आवाज येतो, पण पडद्यावर मधोमध एक आडवी पांढरी रेघ तेवढी दिसते. आवाजही मोबाइलवर ऐकला तसा भरदार नाही. दुसऱ्याच्या बोर्डावर हिरवट पूड जमली आहे, ते चालूच होत नाही. परवा पहिलं मशीन बंद करून लगेच मागची फळी काढली, दहा वर्षांचा मुलगा टॉर्च धरून उभा होता, पण आत काही उमगलं नाही. सुरतचा एक जण म्हणतो, ट्यूब फेकून एलसीडी आणि हजार गेमांचा डबा बसवून देतो. इंदूरला चौथं मशीन स्वस्तात मिळतंय. बायको म्हणते, ‘हाई भंगार घरमा कसाले?’ गच्चीवरच्या खोलीत बिबड्यांचे डबे ठेवायला जागा राहिली नाही. श्रावणात कानबाईच्या सणाला भाऊबंद येतील, तोवर निदान एक तरी चालू व्हावं असं फार वाटतं. काय करू?’

भाऊ, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. प्रश्न बरेच आहेत, पण माझा जीव अडकला तो एकाच वाक्यात. मशीन बंद करून लगेच फळी काढली आणि मुलगा टॉर्च धरून उभा होता. बाकीचं नंतर बघू, आधी हे ऐका. वहिनींनाही वाचून दाखवा.

त्या पेटीतल्या पिक्चर ट्यूबच्या पाठीवर रबराची एक गोल टोपी दिसली असेल, जाड वायर आलेली. त्या टोपीखाली वीस-एकवीस इंची रंगीत ट्यूबला पंचवीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो. बटण बंद केलं म्हणून तो लगेच जात नाही. ट्यूबची काच, तिच्या आतला थर आणि बाहेरचा काळा लेप मिळून एक मोठा कंडेन्सर तयार होतो आणि तो चार्ज धरून बसतो. किती वेळ धरेल ते ट्यूबवर आहे. कधी मिनिटं, कधी दिवस. शिवाय पॉवर सप्लायमध्ये जो जाडजूड कंडेन्सर उभा असतो त्यात घरच्या २३० व्होल्टचे ३०० च्या वर डीसी व्होल्ट साठलेले असतात, आणि तो धक्का ट्यूबच्या धक्क्यापेक्षा जास्त घातकी.

धुळ्यात टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकून मला चार वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. दुरुस्तीला आलेला टीव्ही बंद करून दहा मिनिटं झाली होती, म्हणून डिस्चार्ज न करता टोपीकडे हात नेला. धक्का बसला तो सोसवण्यासारखा होता. पण हात जो झटक्यात मागे आला, त्यात कोपर ट्यूबच्या मानेवर आदळलं. मान म्हणजे मागची बारीक काचेची नळी. ती मोडली आणि ‘स्स्स’ असा लांब आवाज करत ट्यूबमध्ये हवा शिरली. गिऱ्हाइकाला ट्यूब भरून दिली, महिन्याची कमाई गेली. पण मला आजही आठवतो तो माझ्या शेजारी स्टुलावर बसलेला हाताखालचा पोरगा. मान मोडली तिथेच थांबलं म्हणून बरं. ट्यूबचं पोट फुटलं असतं तर काच त्याच्या तोंडावर गेली असती.

म्हणून आजपासून तुमच्या घरी नियम असा. प्लग भिंतीतून काढलेला, नुसतं बटण बंद केलेलं नव्हे. त्यानंतर लांब दांड्याच्या, चांगल्या प्लास्टिक मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरच्या धातूला वायर बांधायची. वायरचं दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवर जी उघडी तारांची वेणी ताणलेली असते तिला क्लिपने पकडवायचं. डावा हात खिशात. उजव्या हाताने स्क्रू ड्रायव्हरचं टोक टोपीच्या रबराखाली हळूच सरकवायचं, आतल्या धातूला लागेपर्यंत. ‘टक’ आवाज आला तर समजा चार्ज होता. पाच मिनिटं थांबून पुन्हा तेच करायचं, कारण काचेत मुरलेला चार्ज थोडा वर येतो. पॉवर सप्लायचा मोठा कंडेन्सरही मल्टिमीटरने मोजून बघायचा, व्होल्ट उरले असतील तर बल्बच्या होल्डरच्या दोन तारा लावून उतरवायचा. हे सगळं पहिल्यांदा तुम्ही एकट्याने करायचं नाही. कोणासोबत करायचं ते पुढे सांगतो.

मुलाला या कामातून हाकलून द्या असं माझं म्हणणं नाही. फळी उघडी आणि डिस्चार्ज व्हायचा आहे, तोवर त्याने खोलीबाहेर. एकदा झालं की त्याला आत घ्या. बटणं, जॉयस्टिक, बोर्ड पुसणं, स्क्रू डब्यांत वेगळे ठेवणं ही दहा वर्षांच्या पोराला छान जमणारी कामं आहेत आणि ती त्याच्या लक्षात राहतील.

दुसरा धोका तुमच्या पत्रात नाही, पण मला दिसतो. मी जेवढी मशीन उघडली त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये बाहेरदेशी मॉनिटर नव्हताच. साध्या रंगीत टीव्हीची ट्यूब आणि चेसिस, म्हणजे ट्यूब चालवणारी सर्किटची प्लेट, बसवून, बोर्डातून येणारे लाल-हिरवा-निळा सिग्नल त्यात जोडलेले असत. टीव्हीच्या पुष्कळ चेसिसमध्ये ग्राउंड म्हणजे घरच्या विजेशी थेट जोडलेली बाजू असते. टीव्हीला प्लास्टिकची खोकी असते म्हणून ते चालून जातं. गेमच्या मशीनमध्ये तेच ग्राउंड बोर्डाशी जोडलं की ते लोखंडी पॅनेलपर्यंत, कॉइनच्या दारापर्यंत पोचतं. अमळनेरच्या यात्रेत, बोरीच्या पात्रात, वैशाखाच्या उन्हात मी असं एक मशीन बघायला गेलो होतो. पोरं अनवाणी, वाळूवर पाणी मारलेलं, आणि जॉयस्टिकला हात लावला की ‘मुंग्या येतात’ म्हणत होती. मालकाला आधी वायर उपटायला लावली, मगच दुरुस्तीचं बोललो. तुमच्या मशीनला दोन पिनांचा प्लग असेल तर आजच काढा. तीन पिनांचा लावा, खरी अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये. पॅनेल आणि दार यांना अर्थिंगची हिरवी वायर न्या. चेसिसला विजेपासून वेगळं करणारा ट्रान्सफॉर्मर आहे का ते मेकॅनिककडून तपासून घ्या. नसेल तर २३० ला २३० चा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवल्याशिवाय ते मशीन कोणाच्याही लेकराला खेळायला द्यायचं नाही.

आता तुमच्या पहिल्या मशीनकडे येतो, आणि इथे मला आनंद वाटतोय, कारण ते मशीन जवळजवळ जिवंत आहे.

आवाज येतो म्हणजे बोर्डाला पाच व्होल्ट मिळताहेत आणि गेम चालतोय. पांढरी रेघ दिसते म्हणजे ट्यूबचा फिलामेंट तापतोय, पंचवीस हजार व्होल्ट तयार होताहेत आणि आडवं स्कॅनिंगही होतंय. बंद आहे ते फक्त उभं स्कॅनिंग. किरण डावी-उजवीकडे धावतोय, पण त्याला वर-खाली ओढणारं कोणी नाही. सगळं चित्र त्या एका रेघेत दाबलं गेलंय. पण तसं मशीन चालू ठेवून बघत बसू नका. सगळा उजेड एकाच रेघेवर पडतो आणि तिथला फॉस्फर, म्हणजे पडद्याचा उजळणारा थर, जळतो. ती खूण मग कायमची.

मी तुमच्याकडे असतो तर सर्वांत आधी चेसिस पालथी घालून भिंग घेतलं असतं. उभं स्कॅनिंग सांभाळणारी व्हर्टिकल आयसी हीट सिंकला, म्हणजे उष्णता ओढणाऱ्या धातूच्या पट्टीला, चिकटलेली असते, तिचे पाय एका ओळीत असतात. प्रत्येक पायाभोवतीचं सोल्डर बघायचं. वर्षानुवर्षं तापून-थंडावून पायाभोवती केसाएवढी गोल भेग पडते, चंद्राला खळं पडावं तशी. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही, भिंग तिरपं धरून उजेड बाजूने टाकला की दिसते. यालाच आम्ही ड्राय सोल्डर म्हणतो. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो, बंद पेटीच्या आत त्याहून जास्त, त्यामुळे हा दोष आपल्या भागात मला फार वेळा सापडला. योक म्हणजे ट्यूबच्या मानेवरची किरण वळवणारी कॉइल, तिच्या सॉकेटचे पायही तसेच बघा. जुनं सोल्डर पंपाने ओढून घेऊन नवं द्यायचं. निम्म्या वेळा रेघ इथेच उघडते.

नाही उघडली तर आयसीला जाणारा सप्लाय मोजायचा. तो साधारण २४-२५ व्होल्ट असतो आणि ट्यूबचे पंचवीस हजार व्होल्ट बनवणाऱ्या ईएचटी ट्रान्सफॉर्मरकडून एका फ्युजेबल रेझिस्टन्समधून येतो. आयसी शॉर्ट झाली की तो रेझिस्टन्स आपला जीव देऊन बाकीचं वाचवतो. योकच्या मालिकेत १००० किंवा २२०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो, तो सुकलेला असेल तरी चित्र जातं किंवा अर्ध्यावर येतं. आयसी बदलावी लागली तर काळजी नको. या आयसी टीव्हीतल्याच असतात, जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये विचारा, नाहीतर मुंबईत ग्रँट रोडजवळ लॅमिंग्टन रोडवर शोधा. अख्खी चेसिस बदला असं कोणी सुचवलं तर लगेच हो म्हणू नका.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब लावा. शंभर वॉटचा साधा पिवळा बल्ब मशीनच्या वायरच्या मालिकेत. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. ट्यूबभोवतीची डीगॉसिंग कॉइल, म्हणजे पडद्यावरचे रंगांचे डाग घालवणारी, त्या वेळी सॉकेटमधून काढून ठेवा, नाहीतर तिच्यामुळेच बल्ब पेटेल आणि तुम्ही नसता दोष शोधत बसाल.

आता आवाज. भाऊ, तुमच्या मशीनचा आवाज बिघडलेला नाही.

आपण ज्याला मुस्तफा म्हणतो तो गेम ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉम या जपानी कंपनीचा, १९९३ चा. चार खेळगडी होते, पण आपल्या पोरांनी पिवळ्या टोपीवाल्याच्या नावावरूनच अख्ख्या गेमचं बारसं केलं. मूळ बोर्डात क्यूसाउंड नावाची स्टिरिओ आवाजाची खास सोय होती. आपल्याकडच्या गल्लीबोळांत आलेले बोर्ड बहुतेक नकली. त्या नकलांमध्ये ती महागडी सोय काढून साधी साउंड चिप बसवलेली असे. म्हणून आवाज पोकळ, काही ठिकाणी संगीत कापलेलं. मोबाइलवर तुम्ही ऐकलात तो मूळ बोर्डाचा आवाज. तुमच्या पेटीतून येतो तो आपल्या बसस्टँडवरच्या दुकानांतला आवाज. मला विचाराल तर तो बोर्ड बदलू नका. जपानी मूळ बोर्ड जगात इतरांकडे आहेत, त्यांची काळजी घेणारे लोक आहेत. १९९५ साली पाचोऱ्याच्या पोरांनी जे ऐकलं ते जपणारं दुसरं कोणी नाही. शिवाय मूळ बोर्डात बॅटरी असते, ती संपली की चिपमध्ये साठवलेली गुप्त माहिती पुसली जाते आणि गेम नीट चालत नाही. नकलांना बहुधा तो रोग नाही.

स्पीकरचा कोन मात्र बघा. कागद फाटला असेल तर ‘खर्र’ असा आवाज मिसळतो. तो दोष आहे, आणि नवा स्पीकर स्वस्तात येतो.

बोर्ड आणि मशीन यांच्यामधला जोड जामा पद्धतीचा आहे. १९८५ मध्ये जपानी उत्पादकांच्या संघटनेने ठरवलेली ही रचना, ५६ पट्ट्या, एका बाजूला २८. जोडणी सगळीकडे एकच असल्याने बोर्ड बदलला की मशीन बदलतं, आणि म्हणूनच ही मशीन दुकानातून यात्रेत, यात्रेतून दुसऱ्या गावी इतकी वर्षं फिरली. पट्ट्यांवर काळपट थर असेल तर शाळेचं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सॅंडपेपर लावू नका, सोन्याचा पातळ मुलामा निघून जाईल. कनेक्टर लावताना दिशा दहा वेळा बघा. उलटा बसला की पाच व्होल्ट भलतीकडे जातात आणि बोर्ड मरतो. सातव्या पट्टीच्या जागी किल्लीची खाच असते ती यासाठीच. आणि पाच व्होल्ट मोजायचे ते बोर्डावर, पॉवर सप्लायवर नव्हे. जुन्या बारीक वायरांत अर्धा व्होल्ट वाटेतच गळतो. बोर्डावर ४.७५ च्या खाली गेलं की गेम मधेच रीसेट होतो, ५.२५ च्या वर चिपा भाजतात. पाचाच्या किंचित वर ठेवा.

दुसऱ्या मशीनचा हिरवा थर म्हणजे बॅटरीचं पाणी. निओ जिओचे बोर्ड १९९० पासूनचे. त्यातल्या पुष्कळांवर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी थेट सोल्डर केलेली असते. बंद पडून राहिली की ती फुटते आणि तिचा क्षार तांब्याच्या रेषा खात जातो. हे मशीन श्रावणापर्यंत होईल असं मी सांगणार नाही, पण एक काम लवकरात लवकर करा. प्लग काढून, वर सांगितला तो डिस्चार्जचा नियम पाळून, बोर्ड बाहेर घेऊन बॅटरी कापून टाका, कचऱ्यात न फेकता डबीत बंद करून ठेवा. हातमोजे घाला, कॅडमियम विषारी आहे. मग जुन्या मऊ टूथब्रशने पांढरं व्हिनेगर लावा. क्षार म्हटला की आम्लानेच मरतो. फेस येईल, पूड सुटेल. नंतर अल्कोहोलने दोनदा धुवा आणि सावलीत दोन दिवस सुकू द्या, गच्चीवरच्या उन्हात नको. या बोर्डाला खेळण्यासाठी बॅटरी लागत नाही, फक्त नोंदी आणि सेटिंग लक्षात राहत नाहीत. तुटलेल्या रेषा जोडणं हे पावसाळ्याच्या संध्याकाळींचं काम, सवडीने होईल. कॅसेट मात्र चालू मशीनमध्ये कधी काढू-घालू नका.

तिसरी पेटी आज संध्याकाळपर्यंत घराबाहेर काढा. वाळवीला लाकूड कोणतं आणि कोणाचं याचा भेद नसतो. पहिल्या मशीनच्या फळ्यांपर्यंत ती पोचायला वेळ लागणार नाही, वहिनींच्या फडताळापर्यंतही. खालचा वीतभर भाग मिस्त्रीकडून कापून टाका. नवा जोडायचा तर मरीन प्लायचा, आयएस ७१० छापलेला. खालून चाकं लावून जमिनीपासून दोन इंच वर. आणि बाकी दोन्ही पेट्यांनाही आत्ताच चाकं लावा, म्हणजे भिंतीपासून ओढून मागे झाडता येईल.

तुम्ही कापसाच्या पट्ट्यातले आहात, म्हणून सांगतो. जिनिंगच्या मोसमात हवेत जो तंतू उडतो तो ईएचटीच्या वायरवर आणि त्या रबरी टोपीभोवती नमद्यासारखा बसतो. उन्हाळ्यात काही होत नाही. जूनमध्ये हवा ओली झाली की तोच तंतू ओलावा धरतो आणि पेटीतून ‘चर्र चर्र’ आवाज सुरू होतो, अंधारात निळी ठिणगी दिसते. डिस्चार्ज केल्यावर कोरड्या ब्रशने आणि ब्लोअरने तो तंतू काढा, टोपी अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. मृगाच्या आधी हे व्हायला हवं.

आता सुरतच्या माणसाबद्दल. तो फसवतोय असं मी म्हणत नाही, त्याचं काम तो करतो. पण तो जे देईल ते तुम्ही जे शोधताय ते नाही. मुस्तफाचं चित्र ३८४ गुणिले २२४ ठिपक्यांचं आहे, निओ जिओचं ३२० गुणिले २२४. एवढं छोटं चित्र काढणाऱ्यांनी ते ट्यूबसाठीच काढलं होतं. किरण एक रेघ उजळतो, मधे बारीक अंधारी रेघ राहते, शेजारचे रंग एकमेकांत जरा मिसळतात, आणि चार ठिपक्यांचं नाक खरं नाक दिसतं. एलसीडीवर तेच ठिपके ताणून चौकटी चौकटी होतात, शिवाय ताणायला वेळ लागतो आणि उडी मारायचं बटण दाबल्यावर गडी किंचित उशिरा उडतो. हे तुमच्या अंगठ्याला पहिल्या मिनिटात कळेल. नुसते गेम खेळायचे असतील तर संगणक पुरे. निकोला साल्मोरिया या इटालियन गृहस्थाने १९९७ मध्ये सुरू केलेल्या मेम या प्रणालीमुळे हजारो जुने गेम आज संगणकावर जिवंत आहेत, आणि ते फार मोठं काम आहे. त्यासाठी पेटी फोडायची गरज नाही. बाजारात नवी रंगीत ट्यूब मिळत नाही. फेकलेली परत येणार नाही. तुमची ट्यूब तर चांगली आहे, तुम्हीच रेघ बघितली आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो. हे काम कोणासोबत करायचं?

पाचोऱ्यात १९८५ ते २००५ या काळात टीव्ही दुरुस्तीची दुकानं किती होती आठवून बघा. त्या माणसांपैकी कोणीतरी आहे. आता साठी ओलांडली असेल, पंख्याच्या वाइंडिंगचं दुकान असेल किंवा मुलाच्या मोबाइलच्या काउंटरवर बसत असतील. त्यांना शोधा. मशीन उचलून त्यांच्याकडे नेऊ नका, ट्यूबची मान हेलकाव्यात मोडते. त्यांनाच सन्मानाने घरी बोलवा. चहापाणी करा, आणि ‘जुनी ओळख’ म्हणून फुकटात काम करून घेऊ नका, दिवसाची मजुरी ठरवून द्या. आम्हा लोकांच्या हातात जे आहे ते कुठे लिहिलेलं नाही. ईएचटीचा आवाज ऐकून कंडेन्सर ओळखणं, बल्बची मंदी बघून शॉर्ट कुठल्या बाजूला आहे ते सांगणं, ट्यूबच्या वासावरून दोष हेरणं. माझ्या बरोबरीच्या सहा जणांपैकी दोन वारले, एकाचे डोळे गेले. कोणी शिकायला आलं नाही, कारण शिकून पोट भरणार नव्हतं, यात कोणाचा दोष नाही. पण तुमच्याकडे तीन पेट्या आहेत, शिकायची ओढ आहे आणि टॉर्च धरणारा मुलगा आहे. मशीन आणखी वीस वर्षं भंगारात मिळतील. हा माणूस आणखी वीस वर्षं मिळणार नाही. इंदूरच्या पैशातून त्यांचे चार दिवस विकत घ्या.

इंदूरला नाही म्हणा, म्हणजे उत्तर आलंच. वहिनींचं म्हणणं मी भंगार या शब्दापुरतं मान्य करत नाही, बाकी त्या बरोबर आहेत. दीड वर्षात तीन मशीन आली आणि एकही चाललं नाही, तर घरच्या माणसाला त्यात काय दिसावं? त्यांच्यासमोर तुम्हीच शब्द द्या की पहिलं चालू होऊन एक महिना नीट खेळल्याशिवाय नवं मशीन घरात येणार नाही. दुसऱ्याचा बोर्ड आणि कॅसेट काढून कोरड्या कपाटात ठेवा, पेटी दुकानाच्या गोदामात न्या, खतांच्या गोण्यांपासून दूर, कारण खत हवेतलं पाणी ओढतं. बिबडे, कुरडया, उडदाचे पापड यांचे डबे गच्चीच्या खोलीत परत जाऊ द्या. यंदाचं वाळवण उरकतच आलं असेल. पहिलं मशीन खाली ओसरीवर आणा, घरातल्यांच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर. खोलीत कोंडलेली वस्तू अडगळ वाटते.

बटणं आणि जॉयस्टिक मुलाला द्या म्हटलं ते खरंच द्या. जॉयस्टिकच्या खाली चार मायक्रोस्विच असतात. मल्टिमीटर कंटिन्युटीवर लावून तो एकेक दाबेल आणि ‘पीं’ मोजेल. जो वाजत नाही तो बदलायचा. कॉइनचं यंत्र असेल तर तेही त्याला उघडू द्या. १९९२ पासूनचा स्टीलचा रुपया २५ मिलिमीटरचा होता, २०११ पासूनचा जवळपास २२ चा. जुन्या मापाच्या यंत्रातून आजचा रुपया घसरून खाली पडतो. घरातल्या गल्ल्यात जुने रुपये शोधून वीसेक बाजूला काढा, कानबाईला येणाऱ्या पोरांना ते वाटता येतील. त्या रात्री गावभर रोषणाईचा लोड असतो, व्होल्टेज खाली-वर होतं, म्हणून मशीनला स्टॅबिलायझर लावून ठेवा.

वैशाख चालू आहे. दुपारी त्या पेटीजवळ बसू नका, पहाटे पाच ते आठ काम करा. श्रावणाला तीन महिने आहेत आणि रेघ उघडायला, सगळं नीट असेल तर, एक सकाळ लागते.

पुढच्या पत्रात मला दोन गोष्टी लिहून पाठवा. हीट सिंकवरच्या आयसीचा नंबर, एलए ७८४० असेल किंवा टीडीए ३६५३ असेल किंवा आणखी काही, जसा दिसेल तसा. आणि तुम्हाला गावात कोण मेकॅनिक सापडले, त्यांनी चेसिस पालथी घातल्यावर पहिलं बोट कुठे ठेवलं, ते.